तिथे तारे नव्हते

आबा, म्हणजे माझे वडील, मेंढरं राखायचे. नांदूरघाटच्या पलीकडं, माळाच्या कडेला आमची पाच-सहा घरांची वस्ती आहे. सगळी धनगरांची, सगळी भावकीतली. आबांनी शाळा पाहिली नव्हती. सही मागितली की अंगठा पुढं करायचे. मी त्यांची एकुलती एक लेक, आणि पुण्यातल्या एका संस्थेत पीएच.डी. करत होते. लेक काय शिकते असं कुणी विचारलं की आबा म्हणायचे, "आभाळाचं शिकती." एवढ्यावर माणसं गप्प बसायची.

स्वतः आबांचं मात्र एवढ्यावर भागत नव्हतं. एकदा गणपतीत मी घरी आले होते. दिवाळीनंतर मेंढरांची खांड घेऊन ते गोदावरीच्या अंगाला उतरायचे, पण त्या दिवसांत माळावर गवत असायचं, म्हणून मेंढरं जवळच होती. दुपारी मी भाकरी घेऊन गेले. त्यांनी जेवून हात धुतले, तंबाखूची गोळी गालात सारली आणि म्हणाले, "सा वर्सं झाली, तू एकाच गोष्टीच्या मागं हायस. ती गोष्ट काय हाय ते मला एकदा नीट सांग."

मी सांगितलं. तारे वायूपासून होतात. पण तो वायू गार असावा लागतो. गरम वायू पांगतो, एका जागी गोळा होत नाही. आपल्या आभाळात जशी आकाशगंगा आहे, तशा असंख्य दीर्घिका आहेत. मोठ्या दीर्घिकांच्या मधोमध एक कृष्णविवर असतं, कोट्यवधी सूर्यांच्या वजनाचं. आजूबाजूचा वायू त्याच्याकडं ओढला जातो. पण सगळाच आत पडत नाही. थोडा दोन बाजूंनी झोतासारखा बाहेर फेकला जातो, दीर्घिकेच्याही बाहेर, फार लांब. हे झोत भोवतालचा वायू तापवत राहतात. त्यामुळं वायू गार होत नाही, आणि नवे तारे व्हायचे थांबतात. जुने तेवढे उरतात आणि एकेक करून विझत जातात.

आबांनी मेंढरांवर एक नजर टाकली. मग म्हणाले, "म्हंजी जल्म बंद. हायेत ती म्हातारी व्हायची."

"हां."

"कावून करतंय ते तसं?"

"कशासाठी असं काही नसतंय, आबा. वायू पडतोय म्हणून झोत निघतोय."

हे उत्तर त्यांना आवडलं नाही. "आन् समदीकडं असंच का?"

"बहुतेक ठिकाणी. पण एखाद्या जागी झोत गार ढगावर आदळतो, ढग दाबला जातो, आणि तिथं उलट नवे तारे होतात, असं म्हणतात."

"म्हणतात म्हंजी? तू बघितलं न्हाईस?"

"अजून न्हाई."

"मग बघ की," आबा म्हणाले आणि काठी घेऊन उठले. एक मेंढी दुसऱ्याच्या तुरीत शिरायला निघाली होती. आबांनी जिभेनं टाळूवर दोनदा टकटक केलं आणि मग जीभ थरथरवत एक लांब हाळी दिली. ती मेंढी तर वळलीच, सगळी खांडच मान वर करून उभी राहिली.

त्यानंतर वर्षभरात मला ते दिसलं. निदान मला तसं वाटलं.

रेडिओ लहरी सोडणाऱ्या एका दीर्घिकेचा आमच्याकडं नकाशा होता. रेडिओ दुर्बिणीनं काढलेला; त्यात दोन्ही झोत स्पष्ट होते. त्याच दीर्घिकेचं अतिनील प्रकाशातलं एक चित्र मी त्याच्यावर ठेवून पाहिलं. उत्तरेकडच्या झोताच्या कडेनं, ओळीत, पाच निळे ठिपके होते. अतिनील प्रकाशात इतके तेजस्वी दिसणारे तारे कोवळे असतात. मोठे, तापलेले आणि अल्पायुषी. म्हणजे ते तिथं नुकतेच जन्मलेले असणार. म्हणजे झोतानंच त्यांना जन्माला घातलं असणार. संगणकाच्या पडद्यासमोर मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते, हे मला पक्कं आठवतं.

आम्ही पेपर लिहिला. इथं एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यापासून झालं. निळा प्रकाश दुसऱ्या कारणानंही येऊ शकतो, हे मला माहीत होतं. तारे नसतील, नुसता वायू असेल, आणि कृष्णविवराजवळच्या प्रखर प्रकाशानं तो उजळला असेल, तरी तो असाच निळा दिसेल. खात्री करायची तर त्या ठिपक्यांचा वर्णपट हवा, म्हणजे त्यांचा प्रकाश रंगारंगांत फोडून बघायला हवा. त्यासाठी मोठ्या दुर्बिणीवर वेळ मागावा लागतो आणि तो मिळायला वर्ष जातं. माझी फेलोशिप संपत आली होती. परदेशातल्या एका गटाकडून पुढच्या जागेसाठी विचारणा आली होती. पेपर तपासणाऱ्यानं वर्णपटाबद्दल विचारलं, तेव्हा नुसत्या वायूची शक्यता कमी का वाटते याचं एक वाक्य मी लिहिलं. चांगलं वाक्य होतं. माझ्या मार्गदर्शक सरांनी ते वाचलं, मला विचारलं, "खात्री आहे?" आणि मी हो म्हणाले.

पेपर छापून आला. एका वर्तमानपत्रात छोटी बातमी आली, मग बीडच्या एका पत्रकारानं ती मोठी केली, आणि गावानं सत्कार ठेवला.

शाळेच्या पटांगणावर मांडव घातला होता. फ्लेक्सवर माझा कॉलेजातला फोटो आणि शेजारी कुणीतरी इंटरनेटवरून उचललेला आगीचा भोवरा. त्याखाली लिहिलं होतं: 'ब्लॅक होलमधून ताऱ्यांचा जन्म – धनगराच्या लेकीचा शोध'. हलगी वाजत होती. गावातले पुढारी, पन्नास एकरांचे बागायतदार, ज्यांच्या रानात आबा वर्षानुवर्षं खतासाठी मेंढरं बसवत आले, त्यांनी आबांना हाताला धरून व्यासपीठावर आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. आबांनी त्या माणसासमोर खुर्चीवर बसण्याची ती पहिली वेळ. नवं धोतर, डोक्याला गुलाबी फेटा. खुर्चीच्या अगदी टोकावर बसले होते.

कुणीतरी त्यांच्या तोंडात पेढा भरवला. त्यांनी तो चावला नाही. मी बघत होते. त्यांनी तो हळूच उपरण्याच्या टोकात काढून घेतला. मला वाटलं, लाजले. घरी आल्यावर मायनं उपरणं धुवायला घेतलं तेव्हा पेढ्याला रक्त लागलेलं होतं.

"कधीपास्नं हाय हे?" मी विचारलं.

"लई दिसांचं न्हाई," आबा म्हणाले.

"शिमग्यापास्नं," माय म्हणाली. "गरम काय खात न्हाईत. सांगू नको म्हनले, तुझा अभ्यास हाय म्हून."

दुसऱ्या दिवशी आम्ही अंबाजोगाईला मोठ्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी बॅटरी लावून तोंडात पाहिलं आणि आबांशी न बोलता माझ्याशी बोलायला लागले, तेव्हाच मला कळलं. जिभेचा कॅन्सर होता. गळ्यातल्या गाठींपर्यंत गेला होता. पुढं शहरातल्या कॅन्सरच्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या सर्जनबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं : जवळजवळ सगळी जीभ काढावी लागेल. मांडीचं मांस घेऊन तिथं बसवतील. गिळता येईल, कदाचित. बोलता येणं अवघड.

आबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "न्हाई काढली तर?"

मी सर्जनबाईंचा कागद घडी करून पिशवीत ठेवला.

"मग काढा म्हनावं," ते म्हणाले. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ते सारखे बोलत होते. कुठल्या मेंढीला कुठल्या पायानं लंगडायची सवय आहे, गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठी कुठल्या गावात पाणी चांगलं मिळतं, माझ्या आजीचं माहेर कुठलं. मी ते फोनवर रेकॉर्ड करून ठेवायला हवं होतं. सुचलं नाही. आपण खूप बोलतोय हे त्यांनाही कळत असावं, कारण मध्येच थांबून ते म्हणाले, "तू झोप येतीय म्हन की. मी आपला बडबडतोय."

ऑपरेशन झाल्यावर चौथ्या दिवशी दुपारी मी वॉर्डाबाहेर बाकावर बसले होते. मांडीवर लॅपटॉप होता. ठिपक्यांच्या वर्णपटासाठी आम्ही पेपर पाठवतानाच वेळ मागून ठेवला होता, आणि आता त्या निरीक्षणांची माहिती आली होती. मला कुठंतरी मन गुंतवायचं होतं. म्हणून फाइल उघडली.

ताऱ्यांचा प्रकाश फोडला की सलग पट्टा दिसतो, इंद्रधनुष्यासारखा, आणि त्यात काळ्या बारीक खाचा असतात. माझ्या समोर पट्टा नव्हताच. जवळजवळ रिकामी जागा होती आणि तिच्यात काही उंच, धारदार, चमकत्या रेषा उभ्या होत्या. उजळलेल्या वायूच्या रेषा. कुठली रेषा कुठल्या रेषेपेक्षा किती उंच, यावरून त्या वायूला कुणी उजळवलं ते कळतं. ते तारे नव्हते. मी पाचही ठिपके तपासले. पाचही तसेच. तिथं तारे नव्हते. झोतानं एकही तारा जन्माला घातला नव्हता.

मी परत पहिल्यापासून तपासलं. आतून नर्सनं हाक मारली, आबांच्या नळीतून पातळ अन्न द्यायची वेळ झाली होती. मी लॅपटॉप मिटला आणि आत गेले.

सरांचा फोन आला तेव्हा मी म्हणाले, फाइल उघडत नाही, इथं नेटवर्क नीट नाही. त्यांनी वडिलांची चौकशी केली, घाई नाही म्हणाले. असं मी तीन आठवडे केलं. मला माहीत होतं की मी खोटं बोलतेय. आजारी बापाच्या आडून खोटं बोलतेय, हेही माहीत होतं. त्या दिवसांत मी एक हिशेब मनाशी सतत करत राहिले : रेषांचं दुसरं काही स्पष्टीकरण निघेल का, काही तारे वायूच्या आड लपलेले असतील का. कुठल्याही बाजूनं निघत नव्हतं.

आबांना घरी आणलं. चेहरा एका बाजूनं सुजलेला, गळ्यावर टाक्यांची रेघ. त्यांच्या तोंडातून आवाज यायचा पण शब्द व्हायचा नाही. लिहिता येत नव्हतं, त्यामुळं पाटी-पेन्सिलचाही उपयोग नव्हता. हातवारे, मान आणि डोळे, एवढंच. माय त्यांचं बरंचसं ओळखायची. चुकलं की ते रागानं भिंतीवर हात मारायचे.

पंधरा-वीस दिवसांनी एका सकाळी ते काठी घेऊन निघाले. मी मागोमाग गेले. मेंढरं माझ्या चुलतभावानं सांभाळली होती आणि तो ती माळावर सोडून झाडाखाली बसला होता. आबा खांडीपासून थोड्या अंतरावर उभे राहिले आणि त्यांनी हाळी द्यायचा प्रयत्न केला. घशातून घरघर निघाली. त्यांनी परत केलं. लाळ हनुवटीवरून ओघळली. जवळच्या दोन मेंढ्या दचकून लांब पळाल्या. बाकीच्यांनी मानाही वर केल्या नाहीत. आबांनी टाळ्या वाजवल्या, काठी आपटली. मग चुलतभावानं, चांगल्या मनानंच, बसल्या जागेवरून हाळी दिली आणि सगळी खांड त्याच्याकडं वळली.

आबा वळून घराकडं चालायला लागले. त्यानंतर ते माळावर गेले नाहीत.

त्याच दुपारी मी सरांना फोन केला. सगळं सांगितलं, तीन आठवड्यांचंही. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्या वाक्याला मीही होकार दिला होता. लिहून टाका. पेपर मागे घेऊ." ओरडले असते तर बरं झालं असतं. परदेशातल्या गटाला मीच कळवलं. त्यांनी प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले आणि जागा दुसऱ्या कुणाला तरी दिली. त्यात त्यांची चूक नव्हती.

मग आबांना सांगायचं राहिलं. ते ओट्यावर बसले होते. मी त्यांच्यासमोर खाली बसले. "आबा, ते तारे. मी म्हटलं होतं ना, झोतानं नवे तारे झाले. ते न्हाईत तिथं. मी चुकले. नुसता गरम वायू हाय. बघायच्या आधीच मी सांगून मोकळी झाले."

त्यांनी माझ्याकडं टक लावून पाहिलं. त्यांना कळलं होतं. माळावर त्यांनीच मला बघ म्हणून सांगितलं होतं, म्हणून मला वाटलं की आता ते डोक्यावर हात ठेवतील किंवा रागावतील. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी गावाच्या दिशेनं हात केला आणि भुवया उंचावल्या.

"गावात कुणाला ठाऊक न्हाई," मी म्हणाले.

त्यांनी बोट स्वतःच्या मिटलेल्या ओठांवर ठेवलं. मग हात जोडले. माझ्या बापानं माझ्यापुढं हात जोडले.

मी त्यांचं ऐकलं. पुण्याला जाऊन पेपर मागे घेतला, चूक कशी झाली ते जगापुढं लिहिलं, आणि गावात गप्प राहिले. गावातलं कुणी ते वाचणार नव्हतं. पुढचे सहा-सात महिने माणसं आबांना भेटायला यायची. पूर्वी ज्यांनी त्यांना अंगणाच्या पुढं बोलावलं नव्हतं, ती ओट्यावर टेकायची. "तुमच्या लेकीनं नाव काढलं बघा," म्हणायची आणि आबा मान हलवायचे. मी तिथं असले की ते माझ्याकडं बघायचे नाहीत. त्यांना बोलता येत नव्हतं, मेंढरं राखता येत नव्हती, घास गिळता येत नव्हता. तेवढं एकच त्यांच्यापाशी उरलं होतं, आणि ते खोटं आहे हे त्यांना माहीत होतं. मला वाटतं, मी सांगायला नको होतं. निदान त्यांना.

गाठी परत आल्या. शेवटी त्यांच्या गळ्यातून पाणीही उतरत नव्हतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी, सकाळी, मायच्या मांडीवर डोकं ठेवून ते गेले.

तेरवीला पुढारी आले. जेवणाआधी श्रद्धांजलीची भाषणं झाली. त्यांनी माईक घेतला आणि म्हणाले की या माणसानं मेंढरं राखत राखत जगाला ताऱ्यांच्या जन्माचं रहस्य सांगणारी लेक दिली. लोकांनी माना डोलावल्या. मी बायकांमध्ये बसले होते. आबा असेपर्यंत मी शब्द पाळला होता. आता ते नव्हते. मी उठले आणि पुढं जाऊन म्हणाले, "तो शोध चुकीचा होता. माझी चूक झाली होती. मी तो मागे घेतलाय. आबांना ते माहीत होतं."

पुढारी "बरं, बरं" म्हणाले आणि माईक दुसऱ्याच्या हाती देऊन खाली बसले. मागून कुणीतरी म्हणालं, "काय म्हनली बे ती?" चुलता माझ्याजवळ आला. त्याचे डोळे लाल झाले होते. "आजच सांगायचं व्हतं का? त्याच्या तेरवीला? आन् त्याला ठाव व्हतं, हे कशाला बोललीस? त्यालाबी लबाड केलंस की."

शेवटचं वाक्य बरोबर होतं. खरं बोलण्याच्या भरात मी ते पाहिलंच नव्हतं. मी माझी चूक कबूल करायला उठले होते आणि माझ्याबरोबर त्यांनाही लोकांसमोर उभं करून खाली बसले होते.

प्रबंध मी पूर्ण केला. त्यात ते पाच ठिपके आहेत, वर्णपट आहे, आणि तिथं नवे तारे झाल्याचा पुरावा नाही असं लिहिलंय. बाकी दीर्घिकांचं काम नीट होतं. त्यांच्यात झोतांनी वायू तापवला आहे आणि ताऱ्यांचा जन्म थांबला आहे. तोंडी परीक्षा चांगली झाली. आता मी बीडमध्ये एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. मायला माझ्याजवळ आणलं आहे. ती माझ्याशी सगळ्या गोष्टी बोलते. भाजीचं, शेजारणीचं, गुडघ्याचं. तेरवीचा विषय तिनं आजवर एकदाही काढलेला नाही, आणि मी काढला की उठून आत जाते.

गेल्या उन्हाळ्यात एक पेपर वाचनात आला. दुसऱ्याच देशातला गट, दुसरीच दीर्घिका. झोत एका गार ढगावर आदळलाय आणि तिथं कोवळे तारे झालेत, असं त्यांनी दाखवलंय. वर्णपट पहिल्याच पानावर होता; सलग पट्टा, त्यात बारीक खाचा. मी त्यात चूक शोधायला बसले. दोन दिवस शोधत होते. त्यांनी माझ्या मागे घेतलेल्या पेपरचाही उल्लेख केला होता, काय टाळावं हे सांगण्यापुरता, एका ओळीत.

चूक सापडली नाही. तारे तिथं खरेच होते. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला नाही. स्वयंपाकघरातून मायनं विचारलं, एवढं काय वाचतीस. मी म्हणाले, काही नाही, कामाचं आहे, आणि पुढचं पान उघडलं.